जुन्या सॅन स्टॉर्मला कूलंट कमी झाल्याचा दिवा बसवायचाय, सेन्सर नेमका कुठे लावू?

वादळवाला_ठाणे:

नमस्कार मंडळी. गाडी सॅन स्टॉर्म, हो तीच, गोव्यात बनलेली दोन सीटची, फायबरची बॉडी आणि आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. स्पोर्ट्स कार म्हटलं की ऑफिसात लोक हसतात, साठ घोड्यांची कसली रे स्पोर्ट्स कार म्हणून, पण रविवारी पहाटे छप्पर खाली करून मरीन ड्राइव्हला एक चक्कर मारली की हसणारे पण मागून फोटो मागतात. असो.

तर झालं असं की मागच्या महिन्यात लोणावळ्याहून परत येत होतो, घाट उतरलो, पनवेल मागे टाकलं, टेंपरेचरचा काटा आपला मध्यावर, काही टेन्शन नाही. ऐरोलीच्या पुलावर नेहमीसारखं ट्रॅफिक. तिथे एक गोडसर वास यायला लागला, मला वाटलं शेजारच्या टेम्पोत काहीतरी आहे. मग बघतो तर काटा मध्यावरून हळूहळू खाली येतोय. मी मनात म्हटलं वा, खाडीची हवा लागतेय, गाडी थंड होतेय. दोनच मिनिटांत बॉनेटच्या फटीतून वाफ, आणि इंजिन खडखडायला लागलं. कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तर प्लास्टिकच्या बाटलीत पाणी बरोब्बर मिन आणि मॅक्सच्या मधे!! म्हणजे मी म्हटलं पाण्याचा प्रॉब्लेम नाहीच. तासाभराने रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत ठणठणाट. बाजूच्या पंक्चरवाल्याकडून बाटल्या भरून आणल्या, चार लिटरच्या वर पाणी गेलं आत. इंजिनच्या मागे हीटरचा जो होज जातो त्याची क्लिप ढिली होती, तिथून सगळं गेलं.

इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, वाकलं. प्लेन मारून घेतलं, गॅस्केट शोधण्यात तीन आठवडे गेले, खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही कारण बायको पण इथे वाचते.

आता मला डॅशबोर्डवर एक दिवा पाहिजे, पाणी कमी झालं की लागला पाहिजे. आधीच्या मालकाने कधीतरी रेडिएटर बदलून लोकल पितळी बसवलाय, वर झाकण आणि बाजूला साधी ओव्हरफ्लोची बाटली. माझा विचार असा की दीडशे रुपयांचा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, मिळतो ऑनलाइन, बाटलीला भोक पाडून तो टाकायचा आणि एक बल्ब जोडायचा. चालेल ना? इलेक्ट्रॉनिक्समध्ये मी ढ आहे हे आधीच सांगून ठेवतो.

दादरकर_पद्मिनी:

दिवा बिवा कशाला रे. सकाळी गाडी काढायच्या आधी झाकण उघडून पाणी बघायचं, बोट लावून. माझी पद्मिनी अजून आहे, एकदा पण गरम होऊन रस्त्यात उभी राहिली नाही. टॅक्सीवाले हेच करायचे, २०२३ ला पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या तोपर्यंत रोज पहाटे बादली घेऊन उभे असायचे आमच्या नाक्यावर. तुम्हा पोरांना सगळं डॅशबोर्डवर पाहिजे.

लालबाग_गॅरेज:

काका तुमचं बरोबर आहे पण त्याचं पाणी सकाळी भरलेलंच होतं, घाटात गेलं. बोट लावून चालत्या गाडीतलं कळत नाही.

वादळवाला, बाटलीत फ्लोट टाकू नकोस. पैसे वाया. तूच लिहिलंयस की बाटली अर्धी भरलेली होती आणि रेडिएटर कोरडा, मग तुझा फ्लोट त्या दिवशी काय बोलला असता? काहीच नाही. दिवा बंद, तू खूष आणि हेड वाकलेलंच.

हे असं का होतं ते समजून घे म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुझ्या टाइपच्या सिस्टीममध्ये बाटलीवर प्रेशर नसतं, प्रेशर फक्त रेडिएटरमध्ये. पाणी गरम झालं की फुगतं, झाकणातली मोठी स्प्रिंग साधारण ०.९ बारला (बार म्हणजे दाबाचं माप) उचलते आणि जास्तीचं पाणी नळीतून बाटलीत येतं. इंजिन थंड व्हायला लागलं की आत व्हॅक्यूम होतो आणि झाकणाच्या मधोमध जी छोटी बटणासारखी व्हॉल्व्ह असते ती उघडून बाटलीतलं पाणी परत आत खेचते. म्हणजे बाटलीतून रेडिएटरमध्ये पाणी जातं ते फक्त गाडी थंड होताना. चालू गाडीत, गरम असताना, होज फुटला किंवा क्लिप सुटली तर पाणी तिथून बाहेर पडणार, बाटलीचा त्याच्याशी काही संबंधच नाही, ती जिथल्या तिथे. आणि हळूहळू होणारा लीक असेल तर अजून वाईट, थंड होताना सिस्टीम त्या लीकमधूनच हवा खेचते, बाटलीतलं पाणी उचलतच नाही. रेडिएटर रोज थोडा थोडा रिकामा आणि बाटली फुल. मी गाड्या बघतोय वीस वर्षं, अर्धे लोक बाटलीच बघतात आणि सांगतात पाणी ओके आहे.

काट्याचं पण ऐक. काटा खाली आला म्हणजे थंड झाली असं नाही. तो सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोपर्यंत खरं सांगतो. पाणी गेलं की तो हवेत किंवा वाफेत लोंबकळतो आणि हवा पाण्याइतकी गरमी त्याला देत नाही, मग काटा पडतो. हेड लाल होत असतं तेव्हा काटा म्हणतो सगळं मस्त. चालू गाडीत काटा कारण नसताना पडला तर चढण्यापेक्षा जास्त घाबरायचं.

त्यामुळे सेन्सर लावायचा तो रेडिएटरच्या वरच्या टाकीत, झाकणाच्या जवळ. पाणी कमी झालं की पहिलं तिथलंच जातं. तुझा पितळी आहे हे बरंच झालं, कुठलाही रेडिएटरवाला त्याला एक पितळी नट डाख देऊन लावून देईल. प्लास्टिकच्या टाकीचा असता तर अवघड होतं.

आणि सगळ्यात आधी झाकण बदल आणि प्रेशर टेस्ट करून घे. दिवा लावल्याने लीक थांबत नाही.

पार्ल्याचा_ई४६:

माझ्याकडे जुनी बीएमडब्ल्यू आहे, ई ४६, तिला हे कंपनीनेच दिलेलं आहे. टाकीच्या बुडाला सेन्सर स्क्रू होतो, टाकीत फ्लोटला चुंबक आहे आणि सेन्सरमध्ये रीड स्विच (चुंबकाने चालणारा स्विच), पाणी खाली गेलं की चुंबक जवळ येतो आणि डॅशवर दिवा. इतकं साधं. पण लालबागवाले म्हणतात तो फरक महत्त्वाचा आहे, हिच्यात टाकीच प्रेशरमध्ये असते, सगळं पाणी तिच्यातून फिरतं, म्हणून टाकीत कमी म्हणजे खरंच कमी.

मग सरळ तशी टाकीच का नाही बसवत? पोलोची ती गोल पांढरी टाकी, तिच्या आत दोन पिना असतात लेव्हलसाठी, कुर्ल्याला सीएसटी रोडवर स्क्रॅपमध्ये पडलेल्या असतात, किंवा ऑपेरा हाउसला नवीन. रेडिएटरचं झाकण कायमचं बंद, सगळं प्रेशर टाकीवर. सेन्सर फुकटात आला.

लालबाग_गॅरेज:

आयडिया वाईट नाही पण दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ती टाकी सिस्टीममध्ये सगळ्यात उंच असावी लागते, रेडिएटर आणि हेडच्या वर, नाहीतर हवा टाकीत न येता हेडमध्ये अडकते. स्टॉर्मचं बॉनेट किती बसकं आहे बघितलंय ना? दुसरं, पोलोच्या टाकीचं झाकण साधारण दीड बारच्या आसपास उघडतं. याचा रेडिएटर लोकल, डाख दिलेला, होज कधीचे कोण जाणे, त्यावर ०.९ च्या जागी दीड बार टाकला तर पुढचा लीक कुठे होईल सांगता येणार नाही. बरोबर प्रेशरचं झाकण त्या आट्याला मिळालं तर कर, नाहीतर नको.

पार्ल्याचा_ई४६:

हे डोक्यात नव्हतं आलं. मागे घेतो.

सोल्डरसम्राट:

आता माझा विषय आला. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अर्धं आयुष्य गेलंय त्यामुळे थोडं लांबेल.

सेन्सर तीन प्रकारचे मिळतात. फ्लोट, तो वर झालाच. पितळी रेडिएटरच्या वरच्या टाकीत फ्लोटला हलायला जागा पण पाहिजे आणि स्वस्तातले प्लास्टिकचे असतात ते शंभर डिग्रीच्या वर मऊ पडतात, स्टीलचा घ्यावा लागेल. आणि रीड स्विचवर डायरेक्ट बल्ब कधी लावू नका, बल्ब पेटताना क्षणभर खूप करंट ओढतो, रीडचे पॉइंट चिकटतात आणि मग तो आयुष्यभर एकच उत्तर देतो. एलईडी लावा किंवा मधे रिले, रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड.

दुसरा, बाहेरून चिकटवायचा कॅपॅसिटिव्ह सेन्सर. भोक नको, काही नको, प्लास्टिकच्या भिंतीपलीकडे पाणी आहे का ते सांगतो. भारी प्रकार आहे पण धातूच्या टाकीवर चालत नाही, म्हणजे तुला फक्त बाटलीवर लावता येईल, आणि बाटली खोटं बोलते हे वर ठरलंय.

तिसरा प्रोब. कूलंटमधून वीज जाते, त्यातल्या केमिकल्समुळे, तर दोन स्टेनलेसच्या काड्या आत सोडायच्या, पाणी असेल तर सर्किट पूर्ण, नसेल तर तुटलेलं. हलणारं काही नाही, बिघडायला काही नाही. पोलोच्या त्या पिना पण हेच करतात. फक्त इथे एक चूक सगळे करतात, बॅटरीचा डीसी सरळ काड्यांवर सोडतात. मग इलेक्ट्रोलिसिस होतं, एका काडीवर थर चढतो, दुसरी झिजते, सहा महिन्यांत सेन्सर आंधळा आणि वर कूलंट पण खराब. म्हणून काड्यांवर एसी सोडायचा, तोही अगदी मायक्रोअँपमध्ये. पूर्वी याच कामाची एलएम १८३० नावाची चिप मिळायची, ती बंद होऊन जमाना झाला. मी सीडी ४०१०६ चिप वापरतो, तिच्यात सहा गेट (छोटी स्विचिंग सर्किटं) असतात, एका गेटचा ऑसिलेटर, म्हणजे सिग्नल सतत चालू-बंद करणारं सर्किट, करायचा हजार हर्ट्झच्या आसपास, तो एका कॅपॅसिटरमधून काडीला द्यायचा म्हणजे डीसी जातच नाही. पाणी असेल तर सिग्नल पाण्यातच मरतो. पाणी नसेल तर सिग्नल जिवंत राहतो, डायोडने डीसी करून पुढच्या गेटला दिला की एलईडी लागतो.

याचा मोठा फायदा बघा, प्रोबची वायर कुठे तुटली तरी सर्किटला वाटणार पाणी नाही, दिवा लागणार. म्हणजे बिघडलं तर बोंब मारतो, गप्प बसत नाही. हां, वायर घासून अर्थला लागली तर मात्र गप्प बसेल, त्यामुळे स्लीव्ह घालून नीट ओढायची. सर्किटला ५-६ सेकंदाचा डिले ठेवायचा, नाहीतर वळणावर पाणी हललं की दिवा लुकलुकणार आणि दोन दिवसांत तू त्याच्याकडे बघायचं सोडून देशील. चावी फिरवल्यावर दोन सेकंद लागून विझला पाहिजे, म्हणजे एलईडी जिवंत आहे हे रोज कळतं. सप्लाय इग्निशनच्या लाइनवरून, एक अँपचा फ्यूज, रेग्युलेटरने ८ व्होल्ट करायचे कारण गाडीचे बारा व्होल्ट हे बारा कधीच नसतात.

आणि हो बझर पण टाक. उघड्या गाडीत दुपारच्या उन्हात एलईडी लागलाय का नाही काही कळत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं, तुझी बॉडी फायबरची आहे. बॉडीला अर्थ मिळत नाही. रेडिएटर रबरावर बसलेला, होज रबराचे, म्हणजे तो हवेतच लटकलाय इलेक्ट्रिकली. एक काडी टाकून रेडिएटरलाच दुसरा पोल धरायचा मोह होईल, तो टाळ. दोन काड्याच टाक आणि दोन्ही वायरी बोर्डापर्यंत आण.

लालबाग_गॅरेज:

काड्यांच्या ऐवजी बाइकचा छोटा स्पार्क प्लग लावला तर? १० मिमीचे आटे, चिनी मातीचं इन्सुलेशन, प्रेशर पण धरतो. पुढची वाकडी पट्टी कापून टाकायची. फुकटचा प्रोब.

सोल्डरसम्राट:

मी पण एकदा केलाय, म्हणूनच सांगतो. मधला चिनीमातीचा भाग आणि बाहेरचं लोखंड यांच्यात जी खोबण असते तिच्यात पाण्याचा थेंब अडकून बसतो, पाणी खाली गेलं तरी. दिवा लागतच नाही. टेबलावर टेस्ट करताना पुसून करतो म्हणून कळत नाही. टर्नरकडून टेफ्लॉनचं बुश करून घ्या, नायलॉनचं नको, गरम पाण्यात मऊ पडतं. काड्यांमध्ये बारा पंधरा मिमी अंतर आणि टोक सोडून वरती स्लीव्ह.

घाटातला_नितळ:

एक वेगळा विचार मांडतो, पटला तर घ्या. पाणी मोजण्यापेक्षा हेडचं टेंपरेचर का मोजत नाही? हेडच्या एखाद्या बोल्टखाली रिंगवाला थर्मिस्टर (टेंपरेचरचा सेन्सर) दाबायचा, तो धातूला चिकटलेला असतो म्हणजे पाणी असो नसो खरं तेच सांगणार, आणि थर्मोस्टॅट अडकला, फॅन बंद पडला, बेल्ट तुटून पंप थांबला, हे सगळं पण पकडतो. पाण्याच्या दिव्याला यातलं काहीच कळत नाही, पाणी आहे पण फिरत नाही तरी तो गप्प.

सोल्डरसम्राट:

बरोबर आहे, पण हेड तापलं हे कळतं तेव्हा तापलेलं असतं. पाणी जायला लागलं की दहा मिनिटं आधी कळतं. माझं मत दोन्ही लावा, आणि एकच लावायचा असेल तर पाण्याचा, कारण याची गाडी पाण्यानेच गेली.

लालबाग_गॅरेज:

+१. फक्त दिवा लागला की काय करायचं ते पण ठरवून ठेवा. बाजूला घ्यायची, इंजिन बंद, आणि झाकणाला हात लावायचा नाही. प्रेशरमध्ये पाणी ११०-११५ ला पण उकळत नसतं, झाकण फिरवलं की एका क्षणात सगळं उकळून तोंडावर येतं. माझ्याकडच्या पोराचा हात भाजलाय असा. वरचा होज हाताने दाबता येईल इतका थंड होऊ दे, मग फडकं टाकून.

वादळवाला_ठाणे:

बाप रे, मी दीडशे रुपयांचा प्रश्न विचारला होता. पण कळलं सगळं, म्हणजे बाटलीला भोक पाडायचं वाचलं. रेडिएटर काढतोच आता. सोल्डरसम्राट दादा बोर्ड बनवून द्याल का, पैसे देतो.

सोल्डरसम्राट:

पैसे नको, सामान शंभर सव्वाशेचं आहे. स्टेशनला भेट, वडापाव तुझा.

वादळवाला_ठाणे:

महिन्याने अपडेट. लांबलचक आहे, सॉरी.

रेडिएटर कुर्ल्याच्या एका रेडिएटरवाल्या चाचांकडे नेला. त्यांनी आधी वरची टाकी उघडली, आतून खवले काढले, मूठभर निघाले, आधीच्या मालकाने बहुतेक नळाचंच पाणी भरलेलं वर्षानुवर्षं. मग झाकणाच्या शेजारी पितळी नट डाख देऊन लावला आणि पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरून दाखवली, बुडबुडा नाही. टेफ्लॉनचं बुश आमच्या इथल्या वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याने केलं.

आता कबुली. मी दोन काड्यांच्या ऐवजी एकच टाकली. लेथवाला म्हणाला एका बुशात दोन भोकं सरळ येणार नाहीत, आणि मला घाई होती, आणि मनात म्हटलं रेडिएटरला एक अर्थची वायर मारली की झालं. तर अर्थ मारला तो फॅनच्या अर्थच्या बोल्टवरच, जवळ होता म्हणून. गाडी सुरू केली, दिवा दोन सेकंद लागला, विझला, मी नाचलो. घोडबंदर रोडला गायमुखच्या वळणांवर नेली, शांत. परत येताना सिग्नलला फॅन चालू झाला आणि दिवा लागला, बझर बोंबलला. फॅन बंद, दिवा बंद. परत फॅन, परत दिवा. मागचा रिक्षावाला म्हणाला, साहेब, गाडीत अलार्म क्लॉक लावलंय काय.

दादांना फोन केला तर ते काही बोललेच नाहीत आधी, मग म्हणाले मी काय लिहिलं होतं ते मोठ्याने वाच. वाचलं. फॅनचा सगळा करंट ज्या वायरने परत जातो त्याच वायरच्या टोकाला मी माझा मायक्रोअँपवाला सिग्नल बांधलेला, गोंधळ होणारच. दुसऱ्या शनिवारी परत लेथवाल्याकडे, या वेळी समोर उभं राहून दोन भोकांचं बुश करून घेतलं, बारा मिमी अंतर, दोन स्टेनलेसच्या काड्या, वरती स्लीव्ह, दोन्ही वायरी पिळून सरळ बोर्डापर्यंत. अर्थची वायर काढून टाकली. त्यानंतर फॅन असो, हेडलाइट असो, हॉर्न असो, काही फरक नाही.

टेस्ट अशी केली, इंजिन थंड असताना खालच्या नळातून मापाच्या बाटलीत कूलंट सोडत गेलो. सहाशे मिली निघाल्यावर दिवा लागला. लालबागवाले म्हणाले चांगलं आहे, चार लिटर जायच्या आधी सहाशेला कळलं तर हेडला काही होत नाही. मग परत भरलं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, गाडीचं तोंड चढावर करून, हवा निघेपर्यंत हीटर फुल. मे महिन्यात हीटर फुल करून उभं राहणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. मंगळवारी सकाळी चावी फिरवली, दिवा लागला, दोन सेकंद झाले, पाच झाले, विझेना. मला वाटलं झालं, परत वायरिंग. बाटली बघितली तर मॅक्सच्या पण वर! म्हणजे जुना मी असतो तर गाडी घेऊन निघालो असतो. झाकण उघडलं, गाडी थंड होती, तर वरची टाकी दोन बोटं रिकामी. नवीन झाकण, महिन्याभरापूर्वी घेतलेलं, त्याची मधली ती छोटी व्हॉल्व्ह बसलेली, बोटाने ओढली तर हलतच नाही. बाहेर सोडायचं काम चालू, आत ओढायचं बंद.

लालबाग_गॅरेज:

नवीन झाकणं पण अशी निघतात, मी दुकानातच व्हॉल्व्ह नखाने उचलून बघतो मग घेतो. वरचा होज बघितलास का, सकाळी चपटा झालेला असणार.

वादळवाला_ठाणे:

हो!! चपटा होता, मला वाटलं जुना झालाय म्हणून.

दादरकर_पद्मिनी:

सगळं वाचलं. पद्मिनीचा रेडिएटर पण पितळीच आहे ना. सहज विचारतोय.

लालबाग_गॅरेज:

काका 😄 बसेल की. रेडिएटर रिकामा करून आणा, चहा पण घेऊ.

सोल्डरसम्राट:

बोर्ड एक जास्तीचा बनवलेला पडलाय माझ्याकडे. काका तुमची बॉडी लोखंडाची आहे तरी काड्या दोनच.